हत्ती कुठाय?

"अ‍ॅनिमेशन जबरी आहे यार, पण स्टोरी काय होती?"

'एलिफंट्स ड्रीम' बघितलेल्या कुणालाही विचारा, ह्याच वाक्याची कुठली तरी आवृत्ती ऐकायला मिळेल. २००६ साली मिळायची, आजही मिळते. सभ्य लोक "जरा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आहे" म्हणतात, कॉलेजातली पोरं "डोक्यावरून गेला" म्हणतात, आणि ज्याने नुकतंच ब्लेंडर शिकायला घेतलंय तो कथेबद्दल काही बोलतच नाही, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कशा केल्या असतील ह्यावर बोलतो. जेमतेम अकरा मिनिटांच्या एका लघुपटाबद्दल एवढं एकमत इतकी वर्षं टिकावं, हे मला जरा संशयास्पद वाटतं. आमच्या धंद्यात सगळ्या टेस्ट केसेस पहिल्या फटक्यात पास झाल्या की माणूस खूश होत नाही, आधी टेस्ट बरोबर लिहिल्यात का ते तपासतो. तसंच काहीसं.

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. बाकीच्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल गाळावेत.

ब्लेंडर हे थ्री-डी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर नेदरलँड्समधलं. टोन रोझेंडाल हा त्याचा कर्ता. २००२ मध्ये त्याची कंपनी बंद पडली आणि सोर्स कोड अडकून पडला. तो सोडवायला एक लाख युरो लागणार होते. रोझेंडालने लोकांकडे हात पसरले आणि सात आठवड्यांत ते पैसे जमले! कोड खुला झाला. पण मग दुसराच प्रश्न आला. सॉफ्टवेअर फुकट आहे हे ठीक, पण त्यात "खरं" काही बनवता येतं का? की नुसतेच चकचकीत गोळे आणि काचेचे ग्लास? (त्या काळात थ्री-डी शिकणारा प्रत्येक जण आधी काचेचा ग्लासच बनवायचा. मीही बनवलाय.) त्यावर उत्तर म्हणून सिनेमाच काढायचं ठरलं. 'ऑरेंज' नावाखाली सहा कलाकार ॲमस्टरडॅमला एकत्र बसले, २००५ च्या शरद ऋतूपासून २००६ च्या मार्चपर्यंत. पैशांचा एक भाग लोकांनी डीव्हीडी आगाऊ विकत घेऊन उभा केला. दिग्दर्शक होता बसाम कुर्दाली. फ्रेम्स रेंडर करायला अमेरिकेत मेरीलँडमधल्या बोवी स्टेट युनिव्हर्सिटीने आपलं क्लस्टर दिलं, आणि ते काम सुमारे १२५ दिवस चाललं.

मार्च २००६ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला खेळ झाला आणि मे महिन्यात सिनेमा जालावर आला. नुसता सिनेमा नाही. त्याबरोबर मॉडेल्स, टेक्श्चर्स, अ‍ॅनिमेशनच्या फाइल्स, सगळं. आमचं नाव घाला आणि मग काय हवं ते करा, विका सुद्धा, असा परवाना. म्हणजे सिनेमाचा सोर्स कोड. आम्हा प्रोग्रामर लोकांना ह्याचं किती कौतुक वाटलं ते सांगता येत नाही. ते काम करताना जे अडलं ते ब्लेंडरमध्येच दुरुस्त होत गेलं: केस आणि फर, नोड्सवर चालणारं कंपोझिटिंग, अ‍ॅनिमेशनची नव्याने लिहिलेली यंत्रणा. पुढच्या आवृत्तीत हे सगळं सगळ्यांना मिळालं.

आता गोष्ट. म्हणजे जी "नाहीये" म्हणतात ती.

प्रूग नावाचा म्हातारा आणि इमो नावाचा तरुण. दोघं एका अवाढव्य यंत्राच्या आत आहेत. प्रूगला यंत्राची खडान् खडा माहिती आहे, निदान तो तसं वागतो तरी. डावीकडे हे, उजवीकडे ते, इथे पाय ठेव, तिथे ठेवू नकोस. मागून केबल्स अंगावर येतायत, पायाखाली अथांग दरी आहे आणि पाऊल टाकावं तिथे टाइपरायटरच्या दांड्यांसारखं काहीतरी वर येऊन पावलाला आधार देतंय. म्हातारा त्यावरून जवळजवळ नाचत जातो. एका ठिकाणी फोन वाजतो, इमोला तो उचलायचा असतो, प्रूग त्याला झापतो. ऐकायला शीक म्हणतो, यंत्राचा आवाज ऐक, एक पाऊल चुकलं तर चेंदामेंदा होईल. पुढे कुठून तरी सूर ऐकू येतात, इमोला तिकडे जायचं असतं, प्रूग म्हणतो, नाही, धोका आहे. शेवटी इमो वैतागतो. मला काही दिसत नाही, कारण इथे काही नाहीच, आणि जे नाही त्याच्या भरवशावर मी माझा जीव का टाकू, असं सरळ तोंडावर विचारतो. मग चिडवायला म्हणून स्वतःच गाइड बनतो: डावीकडे बॅबिलोनच्या झुलत्या बागा, उजवीकडे ऱ्होड्सचा महाकाय पुतळा! आणि गंमत म्हणजे त्याच्या शब्दांबरोबर आसपास खरंच काहीतरी प्रचंड उठायला लागतं. प्रूग घाबरतो आणि इमोच्या डोक्यात काठी घालतो. इमो पडतो. पडलेल्या पोराला म्हातारा सांगत राहतो की ते आहे, खरंच आहे.

संपला सिनेमा. हत्ती नाही. हत्तीचं स्वप्नही नाही.

"हत्ती कुठाय?" हा आणखी एक लोकप्रिय आक्षेप, आणि त्याचं उत्तर मला सिनेमाइतकंच आवडतं. नेदरलँड्समध्ये पोरांना झोपवताना गोष्ट आवरती घ्यायची असेल तर एक हत्ती आणतात. लांबलचक सोंडेचा हत्ती येतो आणि फुंकर मारून गोष्ट विझवून टाकतो. बस, झोपा. म्हणजे गोष्ट पूर्ण झाली म्हणून संपत नाही, सांगणारा दमला म्हणून संपते. आपल्याकडच्या कहाण्या साठा उत्तरांच्या असोत की पाचा, त्यांना सुफळ संपूर्ण व्हावंच लागतं. ज्याने लहानपणापासून सुफळ संपूर्ण ऐकलंय तो हत्तीने विझवलेली गोष्ट बघून चिडणारच. आणि सिनेमा संपतोही तसाच, कुणीतरी मध्येच दिवा मालवल्यासारखा.

बरं, आता मतांकडे.

"कळला नाही" हे मत मला पूर्ण मान्य आहे. पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही फारसा कळला नव्हता. पण "कळला नाही" म्हणता म्हणता माणसं हळूच "त्यात काही नाहीच" वर येतात, आणि मला त्या उडीचं कुतूहल आहे. पहिलं वाक्य बघणाऱ्याबद्दल आहे, दुसरं सिनेमाबद्दल. कुणी "अ‍ॅप चालत नाही" एवढाच बग टाकला तर आपण विचारतो ना, कुठल्या स्क्रीनवर, काय केल्यावर? "स्टोरी नाही" हा त्या जातीचा बग आहे. एकटेपणा असावा इतकी कमी माणसं आहेत, भांडण आहे, भांडणाचं कारण आहे, ते वाढतं, हाणामारीवर येतं आणि त्याचा परिणामही दिसतो. गोष्टीला आणखी काय लागतं? जे मिळत नाही ते वेगळंच आहे: हे यंत्र खरं आहे की नाही, हे कुणी सांगत नाही.

आणि इथेच मला हे एकमत मजेशीर वाटायला लागतं. "अ‍ॅनिमेशन जबरी, स्टोरी शून्य" म्हणणाऱ्याने दहा मिनिटं ते यंत्र डोळे फाडून बघितलेलं असतं. त्यातल्या तारा, गंज, अंधार, पावलाखाली येणाऱ्या त्या दांड्या, सगळं त्याला आवडलेलं असतं. इमोसारखं त्याला "काही दिसत नाही" असं अजिबात नसतं, सगळं दिसतं. प्रूगसारखा तो त्या यंत्राच्या सौंदर्यावर फिदा असतो. आणि बाहेर येऊन निकाल मात्र इमोचा देतो: इथे काही नाही. एकाच वाक्यात दोघांचे संवाद! सिनेमातलं भांडण तो स्वतःच्या आत भांडून येतो आणि म्हणतो, कथा नव्हती.

हे मी प्रेक्षकांना हिणवायला म्हणत नाहीये. उलट त्यांच्या तक्रारीत दम आहे, आणि तो कुठे आहे ते सांगतो. लोक गोंधळले म्हटल्यावर दिग्दर्शकाने नंतर खुलासा केला. त्याचा आशय असा की माणसं कल्पना रचतात आणि दुसऱ्यांवर लादतात. प्रूगने यंत्र मनात रचलंय, इमोला ते दाखवू पाहतोय, इमो मानत नाही तेव्हा मारतो. यंत्राच्या जागी पैसा घाला, धर्म घाला, मालमत्ता घाला, चालेल. खुलासा वाचला की सगळं लख्ख होतं, हे खरं. पण मला तो वाचून थोडी चीडच आली. म्हणजे आता सिनेमाबरोबर रीडमी फाइल वाचायची? आणि शिवाय, पडलेल्या इमोला "आहे रे, आहे" म्हणून सांगणाऱ्या प्रूगपेक्षा हा खुलासा किती वेगळा आहे? कल्पना लादू नये हे सांगणाऱ्या सिनेमाचा अर्थ दिग्दर्शकाने वरून सांगावा, हे जरा विनोदीच. मी तो खुलासा विसरून सिनेमा बघतो आणि मला तो जास्त आवडतो.

खरा दोष माझ्या मते गतीचा आहे. यंत्र हे कुणाच्या तरी मनातलं असू शकतं, ह्याचा पक्का पुरावा सिनेमा शेवटच्या दीड-दोन मिनिटांत देतो, इमो बोलतो आणि तसं घडायला लागतं तेव्हा. तोपर्यंत आपण त्या यंत्राला एखाद्या व्हिडिओ गेमची लेव्हल समजून बघत असतो. पुरावा येतो आणि तो पचायच्या आत काठी बसते. आणखी एक मिनिट दिलं असतं तर? पण त्या मिनिटाचं रेंडरिंग कुठून आणायचं, हाही प्रश्न होताच. शिवाय दोन्ही आवाज डच नटांनी इंग्रजीत दिलेत. ते काही ठिकाणी अडखळल्यासारखे वाटतात, हाही आक्षेप रास्त आहे.

ह्या सिनेमाबद्दलची मला सगळ्यात आवडलेली मतं मात्र आयटीवाल्यांची नाहीत. गेल्या वर्षी गणपतीत घरी सगळे जमले होते, तेव्हा टीव्हीवर लावला. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर होते. त्यांना सायन्स फिक्शन वगैरेचं सोयरसुतक नाही. पण प्रूग आवाज ऐकायला सांगतो तिथे ते एकदम सावरून बसले. "बरोबर सांगतोय हा. मशीनचा आवाज ऐकायलाच लागतो." मग सिनेमा थांबवून आम्हाला सगळं ऐकावं लागलं: टूलची धार गेली की आवाज कसा बदलतो, बेअरिंग कोरडं पडलं की कसा, आणि नवीन पोरगं मापं घेत बसतं तोवर जुना माणूस चार मशीन पलीकडून हाक मारून सांगतो की बंद कर. सिनेमा पुढे चालू केला. काठी बसली. बाबा म्हणाले, "छ्या. ह्याला शिकवता येत नाही. नुसतं ओरडून होतं का? पोराचा हात धरून मशीनवर ठेवायचा असतो."

हे मत मी नंतर बराच काळ घोळवत होतो. बाबांना यंत्र खरं की खोटं ह्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते खरंच आहे असं धरून ते प्रूगला नापास करत होते, उस्ताद म्हणून. दिग्दर्शकाच्या खुलाशाच्या हे बरोब्बर उलटं आहे, आणि तरी सिनेमात चपखल बसतं. प्रूग संपूर्ण वेळ सांगतो, दटावतो, ओढतो. एकदाही इमोला स्वतः पाऊल टाकून बघू देत नाही. इमोला "काही नाही" दिसतं ह्यात नवल काय?

माझी भाची बारा वर्षांची. तिचा प्रश्न एकच होता: "मामा, तो फोन कोणाचा होता?" म्हटलं, माहीत नाही, दाखवलंच नाही. "मग उचलायला पाहिजे होता ना." इतकी मतं ऐकली, पण फोन कुणाचा होता हे विचारणारी ती पहिली. ती विचारेपर्यंत मलाही तो फोन फक्त सजावट वाटायचा. यंत्राच्या बाहेर कुणीतरी आहे, आणि ते इमोशी बोलू पाहतंय, ही एक आख्खी दुसरी गोष्ट त्या घंटीत आहे. प्रूगला ती घंटी नकोय. यंत्राचा आवाज ऐक म्हणतो, पण हा आवाज नको.

मी स्वतः पहिल्यांदा बघितला तेव्हा नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते आणि मी शंभर टक्के इमो होतो. ऑफिसात प्रूगांची कमी नव्हती. "त्या टेबलला हात लावू नकोस." का? "नको म्हटलं ना." रात्री अडीचला एक बॅच चालायची, ती का चालते हे कुणी सांगायचं नाही, फक्त ती बंद पडली तर काय होईल ह्याच्या भयकथा सांगायचे. आज त्या बॅचबद्दल (शपथेवर सांगतो, ती अजून चालते) नवीन मुलं मला विचारतात, आणि ती का चालते हे सांगायला पाऊण तास लागतो, आणि पाऊण तास कुणाकडेच नसतो. तेव्हा "हात लावू नकोस" हे किती सोयीचं वाक्य आहे ते कळतं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांपलीकडचं काही बघायला मला ती बॅच उपयोगी पडली म्हणायची. त्याची भीती खोटी नाही. त्याने खरंच कुणाचा तरी चेंदामेंदा झालेला बघितला असेल. पण त्याच्याजवळ ते सांगायला पाऊण तास नाही, फक्त काठी आहे.

आता एक मत उरलं, ज्याचा मला राग येतो: "फुकटात एवढं मिळतंय, नावं कशाला ठेवता?" आणि त्याचंच जुळं भावंड: "फुकट आहे ना, मग असंच असणार." दोन्ही मतं सिनेमा न बघता देता येतात. ज्यांनी तो बनवला त्यांनी पैसे मागितले नाहीत म्हणून आपण डोकं वापरायचं नाही, हा कुठला न्याय? उलट सगळ्या फाइल्स हातात दिल्यावर मत द्यायची जबाबदारी वाढते. शेवट आवडला नाही? बदल. इमोला फोन उचलू दे. परवान्यात बसतं. पण बहुतेकांनी त्या फाइल्स उघडल्या त्या लाइटिंग आणि रिगिंग शिकायला. शिकले, ते चांगलंच झालं. तुमच्यापैकी जे व्हिडिओ प्लेअर किंवा कोडेकवर काम करतात त्यांना तर हा सिनेमा टेस्ट फाइल म्हणूनच ठाऊक असणार. पहिली वीस सेकंद शंभरदा बघितलेली, शेवट एकदाही नाही. :)

ह्या सगळ्या मतांचा परिणाम झाला नाही असं मात्र नाही. ब्लेंडरवाल्यांचा पुढचा सिनेमा २००८ चा 'बिग बक बनी': गुबगुबीत ससा, तीन टवाळ प्राणी, ससा बदला घेतो, सगळे हसतात. संवाद नाहीत, खुलासा नाही, कुणी "कळला नाही" म्हणूच शकत नाही. तो मला आवडतो, पोरांना दाखवतो. पण तो बघून झाल्यावर घरात कुणी लेथबद्दल बोललं नाही. ते पुढे 'सिंटेल'पाशी (२०१०) आणि 'कॉसमॉस लाँड्रोमॅट'पाशी (२०१५) परत गंभीर झाले, हे बरं झालं. आणि ब्लेंडरमध्ये "खरं" काही बनतं का, ह्या प्रश्नाचा निकाल २०२५ च्या मार्चमध्ये लागला. लातव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसच्या 'फ्लो'ला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेटेड चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, आणि तो ब्लेंडरमध्ये केलेला आहे. त्यात पूर का आला, माणसं कुठे गेली, हे कुणीच सांगत नाही. एक मांजर, एक नाव, आणि अख्ख्या सिनेमात एक शब्द नाही. लोकांनी खुलासा मागितल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. मांजर काठी मारत नाही, हेही कारण असेल.

'एलिफंट्स ड्रीम' आजही जालावर फुकट आहे. टेस्ट फाइल म्हणून नको, एकदा पूर्ण बघा. हेडफोन लावून, कारण यान मॉर्गनस्टर्नने केलेला आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर अर्धा मरतो. फोन वाजतो ती जागा चुकवू नका.